काट्याच्या दातांमधली कड
आमच्याकडे काटा म्हणजे पायात मोडतो तो. माझ्या पोराने, बिरदेवाने चांदीचा काटा करायला घेतला तेव्हा मी विचारलं, "ह्यो कुणाच्या पायातला रं?" तो हसलासुद्धा नाही.

अठरा वर्षं हा तमिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात सोनं-चांदी वितळवत होता. यंदा कवठे महांकाळला परत आला आणि जेवणाचे चांदीचे काटे-चमचे करतो म्हणाला. साडेब्याण्णव टक्के चांदी, बाकी तांबं. निव्वळ चांदी मऊ, लगेच वाकते. सांगलीच्या सोनिया मॅडम एका हॉटेलासाठी माल घेणार होत्या. पण पहिला नमुना त्यांनी परत पाठवला, ओठाला लागतो म्हणून. आता दुसराही नापास झाला तर हा मिरजेहून थेट सेलमची गाडी धरणार होता. बॅग भरून दारात ठेवली होती. मला तिचा असा राग यायचा की येता-जाता पाय मारायचे.

आठ दिवस झाले, याचं घासणं संपेना. काटा उजेडात धरायचा, आठ्या घालायचा, पुन्हा घासायचा.

"आरशागत झालाय, आये. आता काय चुकतंय?"

"तोंडात घालून बगितलास का?"

"चांदीची वस्तू कुणी तोंडात घालून बगतं व्हय?"

इथंच घोडं पेंड खात होतं. याने काटा पैंजणासारखा डोळ्यांनी पारखला होता. आमच्या घरात काट्याने जेवलंय कोण? मी तो हिसकावला, कालवणातला बटाटा टोचला आणि तोंडात घातला. ओठ चरचरला. वरून गुळगुळीत, पण दोन दातांच्या मधली कड करवतीसारखी. तिथं कानस शिरत नव्हती, आणि दिसत नाही म्हणून याने सोडून दिली होती.

घोंगडीसाठी कातलेली लोकर घरात होती. मी सूत पिळून घट्ट केलं, त्याला पॉलिशची पावडर चोळली आणि काट्याच्या दातांत ओवलं. काटा पकडीत आवळून आम्ही समोरासमोर बसलो. एकदा तो ओढायचा, एकदा मी. बोटं सोलली तरी मी थांबले नाही. पोरगं जाऊ नये, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सांगलीला निघालो, तर एसटीत बॅग त्याच्या मांडीवर. सोनिया मॅडमनी पपईची फोड टोचून खाल्ली. मग दुसरी. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते.

"दोनशे करा," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात."

मला रडू आलं. बिरदेव मात्र परतीच्या एसटीतही बॅग धरूनच. "दोनशे झाल्यावर पुढं काय, आये?"

 घरी आल्यावर मी बॅग उघडली आणि सगळे कपडे बादलीत बुचकळले.

"आये, धुतल्यालीच हायती ती!"

"म्हाईत हाय," मी म्हणाले आणि वर आणखी एक तांब्या ओतला.