लाल पैलवान

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत गणपतीच्या शेवटच्या आरतीचं ताट कुणाच्या हातात जाणार, हे खेळांवर ठरतं. नऊ दिवस कॅरम, बुद्धिबळ, लिंबू-चमचा असं चालतं. जी विंग जिंकते तिच्या शेवटच्या खेळाडूनं जोडीनं ताट धरायचं, आणि हरलेल्यांनी झांजा वाजवायच्या. मी बी विंगमधला. एकतीस वर्षं झांज वाजवतोय.

कुंदा, म्हणजे आमची ही, याबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. पण दिवाळीनंतर इमारत पाडून नवी बांधणार आहेत. या वर्षी मोदक वळताना ती म्हणाली, "एकदा तरी माझ्या हातात ताट यायला हवं होतं, हो." मला एकदम वाईट वाटलं.

नवव्या संध्याकाळी दोन्ही विंगचे गुण सारखे झाले. उरला होता एकच खेळ. मंडळाच्या केयूरनं माळ्यावरून लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला होता, मारामारीचा. कोण खेळणार, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. ए विंगमधून दीप्तीचं नाव आलं. ही पोरगी शाळेत असताना रोज हाच खेळ खेळायची. आणि बी विंगमधून निघालं नंदकुमार, म्हणजे मी.

"वाट लागली!" आमच्याच विंगमधून कोणीतरी म्हणालं. मी तिकडे रागानं बघितलं.

"काका, काही नाही, फक्त बटणं दाबत राहा," केयूर म्हणाला.

पडद्यावर दोन पैलवान आले, एक लाल, एक निळा. आमच्या विंगचे टी-शर्ट लाल, तेव्हा लाल माझा हे उघडच होतं. आरतीच्या ठेक्यावर मी बटणं बडवायला सुरुवात केली. तेवढा एकच ठेका माझ्या हातात आहे.

आणि काय सांगू! माझा लाल हवेत उडाला, गिरकी घेतली, दोन लाथा मारल्या. मी थक्क झालो. आयुष्यभर ऑफिसात फायली सरकवल्या आणि ही कला अंगात होती! "कुंदा, बघितलंस?" मी ओरडलो.

निळा मात्र बावळट. कोपऱ्यात उभा राहून एकच लाथ मारत होता. पण लाल जवळ गेला की नेमकी नडगीवर बसायची. एकदा, दोनदा, पाच वेळा. मी जोर वाढवला, तर त्या निळ्याच्या लाथाही वाढल्या. वर आमच्याच विंगचे लोक निळ्याला टाळ्या वाजवायला लागले. असले फितूर शेजारी!

लाल आडवा झाला. खेळ संपला.

मला कुंदाकडे बघवेना. मी उठून दीप्तीशी हात मिळवला. "छान खेळलीस गं."

"काका, चिडवताय का?" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "लाल माझा होता. तुमचा निळा. असं खेळलात तुम्ही, की पुढे काय करणार तेच कळेना यार!"

मी परत पडद्याकडे बघितलं. निळा अजून उड्या मारत होता. मग मीही मारली, गुडघे दुखत असताना. कुंदा इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं माझ्या हातात झांजच होती.

"अहो, ठेवा ती," कुंदा म्हणाली. "इकडे या."

"द्या काका, आज आमची पाळी," म्हणत दीप्तीनं झांज घेतली आणि पहिलाच ठेका चुकली.

कुंदानं ताट उचललं, मी तिच्या हाताला हात लावला. आमच्याकडे दोन कडवी झाली की ताट बाकीच्यांकडे द्यायची पद्धत आहे. बायका रांगेनं उभ्याही होत्या. कुंदानं शेवटच्या कडव्यापर्यंत ते कुणालाच दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.