डावी बाजू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला मैदानावर सगळे ‘पट्टी’ म्हणायचे. दर रविवारी सकाळी गोदामांमागच्या मोकळ्या जागेत फुटबॉल व्हायचा. हा येताना घोट्याला बांधायच्या पट्ट्यांची भेंडोळी घेऊन यायचा. आधी दहा मिनिटं सगळ्यांना पळायला, मांड्या ताणायला लावायचा. नडगीला पॅड नसतील त्याला सरळ बाहेर बसवायचा. खेळाआधी स्वतः फिरून काचा आणि खडे वेचायचा.

“तू खेळायला येतोस की विमा विकायला?” गोदामाचा स्टोअरकीपर विचारायचा. पण आठ वर्षांत त्यांच्यातल्या एकाचंही हाड मोडलं नव्हतं, हे तोही कबूल करायचा.

तीन महिन्यांपूर्वी पट्टीने खेळ सोडला. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्याच्या थोरल्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि सगळ्या तपासण्यांनंतर याचं डावं मूत्रपिंड तिला द्यायचं ठरलं होतं. सर्जनबाईंनी बजावलं होतं, “ऑपरेशनपर्यंत शिडीवरून उडी नाही, भांडण नाही, फुटबॉल तर नाहीच नाही.” कामावर कळलं तर साहेब आत्तापासूनच टेबलावर बसवतील, या धास्तीने त्याने तोंड बंद ठेवलं होतं.

ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. त्या रविवारी तो नुसता बघायला म्हणून गेला, आणि नेमका एक गडी कमी पडला.

“गोलात उभा राहा फक्त,” स्टोअरकीपर म्हणाला. “तुला कोण हात लावतंय?”

खरं सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण तीन महिने पाय शिवशिवत होते. गोलात काय होणार, असं मनाला समजावत त्याने पट्ट्या बांधल्या, पॅड चढवले.

वीस मिनिटं बरी गेली. मग चेंडू मधेच मोकळा पडला. नवीन आलेला धिप्पाड रंगारी त्याच्यावर धावला. पट्टी सवयीने पुढे झेपावला, त्याने चेंडू छातीशी घेतला, आणि रंगाऱ्याचा गुडघा त्याच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली घुसला.

“लागलं का हो?” रंगारी घाबरून विचारत होता.

“छे, छे,” म्हणत तो उठला. घरापर्यंत चालतही गेला. न्हाणीघरात मात्र लघवी लाल झालेली दिसली. कडी लावलेल्या दाराला टेकून तो फरशीवर बसला. ते माझं नव्हतंच, तिचं होतं, नुसतं सांभाळायला माझ्याकडे होतं, एवढंच पुन्हापुन्हा मनात येत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जन्मभर दुसऱ्यांचे घोटे सांभाळले, आणि ही एक गोष्ट सांभाळता आली नाही.

भरपूर पाणी प्यायलं की धुऊन निघेल, असं त्याने स्वतःच ठरवलं. सोमवारी लाल रंग गुलाबी झाला. दुखणं होतंच. मंगळवारी बहिणीचं डायलिसिस होतं. तिच्या पलंगाशेजारी बसून तो बाटल्यांमागून बाटल्या रिचवत राहिला.

“काय रे, वाळवंटातून आलास?”

“उकडतंय, ताई.”

“एसीत?” तिने मान वळवली. “तिसरी बाटली ही. मला दिवसाला पाऊण लिटर मिळतं, दुसऱ्याचा घोट न् घोट दिसतो मला. आणि असा वाकडा का बसलायस?”

त्याला खोटं जमलं नाही. जमेल तसं, तुकड्या-तुकड्यांत त्याने सांगून टाकलं. मशीन घरघरत होतं.

“खेळलास?”

“गोलात उभा होतो नुसता.”

“खेळलास का, ते विचारतेय.”

“हो.”

ती नर्सला म्हणाली, “सिस्टर, यांना जरा बाहेर बसवा.”

‘यांना’ हा शब्द त्याला रंगाऱ्याच्या गुडघ्यापेक्षा जास्त लागला.

सर्जनबाई ओरडल्या नाहीत. स्कॅन बघून म्हणाल्या, “आत फाटलंय. झोपून राहायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.”

“आणि भरलं नाही तर?”

“तर घेता येणार नाही.”

“मग उजवं घ्या ना, मॅडम. आजच घ्या.”

“डावं कायमचं अधू झालं, तर उजवं तुम्हालाच लागेल.”

“मला नको. लिहून देतो पाहिजे तर. कुठे सही करू सांगा.” तो टेबलावरचं पेन उचलायला लागला. बाईंनी ते हळूच काढून घेतलं.

मग तो झोपून राहिला. कूस बदलायचीही भीती वाटायची, शिंक आली तरी तो कूस हाताने दाबून धरायचा. स्टोअरकीपर आणि रंगारी येऊन गेले. रंगारी खुर्चीच्या कडेवर बसून रडला. “तुझा दोष नाही,” पट्टी म्हणाला. “मी सांगायला हवं होतं.” बहिणीचा फोन आला नाही.

चौथ्या आठवड्यात भावोजींचा आला. “फुप्फुसांत पाणी झालंय. श्वास लागलाय तिला. तू येऊ नकोस, ती नको म्हणतेय.”

तो गेलाच. दिवसभर हॉस्पिटलच्या जिन्यापाशी भिंतीला धरून उभा राहिला. आतून कुणी पळत बाहेर आलं की तो डोळे मिटून घ्यायचा. संध्याकाळी भावोजींनी येऊन नुसती मान हलवली. वाचली होती. त्याने तिला न भेटताच परतीची वाट धरली.

सहाव्या आठवड्यात स्कॅन झालं. जखम भरली होती. बाईंनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. भावोजींनी फोन तिच्या कानाला लावला, तेव्हा ती फक्त “बरं” म्हणाली.

ऑपरेशन झालं. मूत्रपिंड पहिल्याच दिवशी चालू लागलं. तिसऱ्या दिवशी तो टाके धरून, भिंतीच्या आधाराने तिच्या खोलीत गेला आणि पायांपाशी उभा राहिला.

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“गाढवा,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण पुढे थांबला नाही. अक्कल कुठे गहाण टाकली होती इथपासून ते तिच्या पोरींना आईविना कोण वाढवणार होतं इथपर्यंत, तिने काही शिल्लक ठेवलं नाही. दारातून नर्स धावत आली. “ताई, शांत व्हा, टाक्यांवर ताण येईल.”

“तुम्ही मधे पडू नका, सिस्टर. दोन महिन्यांचं साठलंय.”

त्याने स्टूल ओढलं आणि मान खाली घालून बसला. ती बोलत होती, तो “हो ताई, हो ताई” म्हणत होता, आणि तिने थांबू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.