पितळेचा ठोकळा

कमलिनीच्या सासूला घासायचा भारी सोस. पोलाद कारखान्याच्या रिसाली वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये भागाबाईंच्या हाताखालून न गेलेलं भांडं सापडणं मुश्कील होतं.

कमलिनीचा ठोकळा मात्र आजवर वाचला होता. मूठभर पितळ आणि आत केसासारखी बारीक भोकं. एका पिचकारीतून बकऱ्याच्या कलेजीतलं एन्झाइम, दुसरीतून पेरॉक्साइड जोरात दाबायचं. दोन्ही आत एकदम मिसळायची आणि पुढे काचनळीत रंग बदलायची. या क्रियेची पहिली पायरी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. तिचा वेग कमलिनीला मोजायचा होता. उद्या नागपूर विद्यापीठातले सर ते बघायला येणार होते. पटलं तर संशोधनाची जागा तिची. नाही तर जन्मभर हीच चूल, हे ती जाणून होती. भोकं नवऱ्यानं, जानरावनं, कारखान्यातल्या रशियन साहेबाच्या ड्रिलनं पाडली होती. साहेब मायदेशी परतला, ड्रिलही त्याच्याबरोबर गेलं.

महालक्ष्म्याही उद्याच बसायच्या होत्या. कमलिनी बाजारातून आली तर ठोकळा ओट्यावर लखलखत होता.

"कलेजीचा वास येऊन रायला होता," भागाबाई कौतुकानं म्हणाल्या. "देवी घरात येऊन रायली, अन् तुयी वस्तू तशीच ठेवू? राखेनं, चिंचेनं घासली. भोकायत सुई फिरवून फिरवून साफ केली. हात भरून आले माये."

"आई..." कमलिनीनं ठोकळा उजेडाकडे धरला; केसासारखी भोकं सुईएवढी झाली होती. त्या थकल्या हातांवर रागवायचं तरी कसं? तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पिचकाऱ्या दाबल्या, पुन्हा दाबल्या. रुंदावलेल्या भोकांतून दोन्ही द्रावणं शेजारीशेजारी वाहत होती, रमतगमत मिसळत होती.

"हा एन्झाइमचा वेग नाही, बाई," सर म्हणाले. "हा नुसता मिसळण्याचा वेळ. तुमची पहिली पायरी त्यातच संपून जाते." वाईट त्यांनाही वाटलं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

"झालं का तुयं काम?" संध्याकाळी भागाबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

भागाबाईंनी ठोकळ्याला हळदकुंकू लावलं आणि सुनेची हुशारी म्हणून देवीपुढे मांडला. तेव्हापासून तो दर वर्षी मांडतात. भागाबाईंचे हात आता चालत नाहीत. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी कमलिनीच राख घेऊन बसते, ठोकळा घासते आणि भोकांत सुईसुद्धा फिरवते.