वडिलांची मिशी

धाकट्याच्या दुकानात भिंतभर आरसे होते आणि प्रत्येक आरशात वडीलच दिसायचे. तीच जाड मिशी, तोच निळा कोट, चष्म्याची काडीसुद्धा तसलीच. वडील गेले आणि दाढी-कटिंगचं दुकान त्याच्या गळ्यात पडलं, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, "मिशी ठेव रे, शोभेल तुला." त्यानं ठेवली. मग म्हणाली, "ते टकल्याचा विनोद काय सांगायचे!" त्यानं विनोदही पाठ केला. विनोदाआधी वडील खाकरायचे, म्हणून हाही खाकरू लागला. लोक खूश, दुकान जोरात. तक्रार करायला जागाच नव्हती, तरी गड्याला घटकाभर चैन पडत नव्हतं. दोन गिऱ्हाइकांच्या मधे तो उगाच दारापर्यंत जायचा, उगाच परत यायचा.

घरी आई हरखलेली. वडिलांच्या कपात, त्यांना लागायचा तसा भरपूर साखर घातलेला चहा ती त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसायची. "डिट्टो हेच!" म्हणायची. मग चहा फार गोड होतोय असं सांगायची त्याची काय बिशाद? मुकाट्यानं गिळायचा.

एका सकाळी वडिलांचे जुने दोस्त खुर्चीत येऊन बसले. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. गालाला फेस लागला की त्यांना डुलकी लागायची. त्या गुंगीतच ते म्हणाले, "काय रे, तुझं पोरगं कुठंय हल्ली?"

धाकट्याच्या हातातला वस्तरा थांबला. तो खाकरला. "असेल इथंच कुठंतरी," तो म्हणाला, "बऱ्याच दिवसांत दिसलं नाही."

आवाज वडिलांचा होता. गार्डसाहेब दचकून जागे झाले आणि त्यांनी जीभ चावली. "चुकलो बाबा! पण तू म्हणजे तोच की रे!"

एवढं बोलून ते गेले, पण धाकट्याचा दिवस नासला. एकाच्या कानामागे जास्तच केस उडवले, दुसऱ्याला विनोद सांगता सांगता मधेच गप्प झाला. दुपारी त्यानं दार ओढून घेतलं, आरशासमोर बसला आणि मिशीला कात्री लावली. एक बाजू उतरली आणि आई आठवली. तिला काय वाटेल? नवरा एकदा गेला, आता आपण त्याला दुसऱ्यांदा घालवतोय की काय? त्यानं कात्री खाली ठेवली. पण अर्धी मिशी घेऊन घरी जाणार कसं? रस्ताभर लोक हसले असते. त्यानं उरलेलीही उतरवली, कोट खुंटीला अडकवला आणि घर गाठलं.

आईनं दार उघडलं. ती बघतच राहिली. मग बोटांनी त्याचा वरचा ओठ चाचपला, हरवलेलं काही शोधावं तसा. आणि एकदम मटकन खाली बसली.

"हे गेले रे," ती म्हणाली.

ती हमसून हमसून रडू लागली. वडील गेले तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. किती खंबीर, म्हणून सगळ्यांनी वाखाणलं होतं तिला. धाकटा घाबरून तिच्याजवळ टेकला.

"चुकलं गं माझं. वाढवतो परत."

"खबरदार वाढवलीस तर!" ती रडता रडताच कडाडली. "तू असा समोर बसायचास, मला रडताच येईना. रोज वाटायचं, आहेत की हे, चहा पितायत."

बराच वेळ ती रडली. तो पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि त्यालाही रडू आलं. त्यालाही वडिलांसाठी पहिल्यांदाच.

शेवटी पदरानं तोंड पुसून ती ओट्यापाशी गेली. आधण ठेवलं, सवयीनं वडिलांचा कप काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत फळीवर ठेवला. दुसरा घेतला.

"साखर किती लागते रे तुला?"

धाकट्यानं खाकरायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "आज बिनसाखरेचा दे. बघतो."