एक जागा रिकामी ठेवली

मुलाखतीत भिंगरीला तिच्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारला गेला. बाकी सगळे प्रश्न तिच्या वडिलांबद्दल होते.

भिंगरी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून घरात पडलेलं हे नाव मागे मागे कॉलेजपर्यंत आलं आणि तिथेही चिकटलं. ती शेवटच्या वर्षाला होती. हात-पाय नसलेल्या माणसांसाठी कृत्रिम अवयव कसे बनवायचे हे शिकवणारं ते कॉलेज, आणि तिथून दरवर्षी दोन विद्यार्थी एका सत्रासाठी, म्हणजे सहा महिने, परदेशातल्या कॉलेजात पाठवले जात. तिथली कार्यशाळा लहान मुलांच्या हातांसाठी नावाजलेली होती. मूल वाढतं, पण बनवलेला हात वाढत नाही. तो घट्ट व्हायला लागला की मूल तो काढून कोपऱ्यात फेकतं आणि एका हाताने सगळं करायला शिकतं; मग नवा हात कितीही चांगला द्या, त्याला तो नको असतो. यावर तिथे काम चालायचं आणि भिंगरीला नेमकं तेच शिकायचं होतं.

वर्षभर ती या अर्जाच्या मागे होती. सकाळी कॉलेजच्या आधी भाषेचा वर्ग. पासपोर्टसाठी खेटे. कार्यशाळेतल्या सरांना लिहायचा भयंकर कंटाळा, तर त्यांच्यापाठी लागून लागून शिफारसपत्र मिळवलं. मला तिथे का जायचंय, हे दोन पानांत लिहायचं होतं. ते तिने इतक्या वेळा खोडून लिहिलं की शेवटी स्वतःलाच पाठ झालं. आणि वडिलांची व्यवस्था. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत काठीने घरातल्या घरात चालायचे, आणि शब्द एकेक करून, खाली पडलेली नाणी उचलावीत तसे गोळा करून बोलायचे. भिंगरीने व्यायाम करून घेणाऱ्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. मोठा भाऊ, म्हणजे दादा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्यालाही तिने सरळ विचारलं होतं, "मी नसेन तेव्हा बाबांना तुझ्याकडे नेशील ना?"

"तू अर्ज तर कर," दादा म्हणाला होता. "पुढचं पुढे बघू."

तिने हा होकार धरला.

मुलाखतीला समोर तिघे होते. परदेशी सत्राचं काम बघणाऱ्या मॅडम, ज्यांना सगळे परदेशवाल्या मॅडम म्हणायचे, विभागप्रमुख, आणि ऑफिसमधले एक गृहस्थ. भिंगरीने पिशवीतून तिने बनवलेला छोटा हात काढून टेबलावर ठेवला. कोपराकडच्या बाजूला तिने आत आणखी एक पातळ थर बसवला होता. मूल वाढलं की तो काढायचा, हात पुन्हा सैल.

विभागप्रमुखांनी तो उचलून पाहिला. "हा थर कशाचा?"

तिने सांगितलं. त्यांनी मान डोलावून हात खाली ठेवला. तो तिचा कामावरचा प्रश्न.

मग मॅडम म्हणाल्या, "वडील आजारी असतात ना तुझे?"

"झटका येऊन गेलाय. आता बरेच सावरलेत."

"मग तू गेल्यावर त्यांचं कोण बघणार?"

"माझा भाऊ. जवळच राहतो."

मॅडमनी ऑफिसच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते घसा खाकरून खिडकीबाहेर बघायला लागले.

"आमच्या कानावर जरा वेगळं आलंय," मॅडम म्हणाल्या.

"काय आलंय?"

"ते जाऊ दे. पण वडील असे, घरात दुसरी बाई नाही. अर्ध्यातून परत यावं लागलं तर? कॉलेजचं नाव जातं गं. तू मनापासून विचार केलायस का?"

भिंगरी म्हणाली, केलाय. मॅडमनी पुन्हा विचारलं, रात्री त्यांना लागलं सवरलं तर? डॉक्टरकडे कोण नेणार? त्यांना तुझ्याशिवाय करमेल का? ती एकेक उत्तर देत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. टेबलावरचा हात तसाच पडून होता. शेवटी तिने तो पिशवीत भरला आणि बाहेर आली.

निकाल सूचनाफलकावर लागला. पहिल्या जागेवर लंबूचं नाव. लंबू तिच्याच वर्गातला, दारातून वाकून आत येणारा. त्याच्याखाली लिहिलं होतं, दुसऱ्या जागेसाठी योग्य उमेदवार मिळाला नाही.

दुसऱ्या कोणाला घेतलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, चार दिवस रडून ती गप्प बसली असती. पण जागा रिकामी ठेवली होती. तिला पाठवण्यापेक्षा कोणालाच न पाठवलेलं त्यांना बरं वाटलं होतं. ती कार्यशाळेत गेली, पायाचा एक प्लास्टरचा साचा पुढ्यात ओढला आणि कानस घेऊन घासत सुटली. घासता घासता साच्याची टाच उडाली.

"अगं, त्या माणसाला टाच लागेल ना," मागून लंबू म्हणाला.

तिने कानस खाली ठेवली नाही. "तुला काय विचारलं रे मुलाखतीत?"

लंबू स्टुलावर बसला. त्याचा चेहरा पडलेला होता. "माझ्या आईचं मणक्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही, हे मी त्यांना स्वतःहून सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, आई लवकर बरी होवो. आणि मग विचारलं, तिथली थंडी तुला सोसेल का."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, हात झटकले. प्लास्टरची पांढरी धूळ तिच्या केसांपर्यंत चढली होती. "आमच्या कानावर आलंय, असं म्हणाल्या मॅडम. कोणी घातलं कानावर?"

हे विचारतानाच तिला उत्तर सुचलं. दादाचं झेरॉक्स मशीनच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजच्या ऑफिसातली सगळी मशीनं तोच सांभाळायचा, आणि ऑफिसमधल्या त्या गृहस्थांबरोबर त्याचा रोजचा चहा होता.

ती तशीच, धुळीने माखलेली, दादाच्या दुकानात गेली. दादा एका मशीनचं पोट उघडून शाई पुसत होता.

"तू ऑफिसमध्ये काय सांगितलंस?"

"कशाबद्दल?"

"दादा, वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. काय सांगितलंस?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "काही विशेष नाही. त्यांनी विचारलं, बहीण जाणार का बाहेर, तर म्हटलं, बाबांची तब्येत अशी, अवघडच दिसतंय. एवढंच. बोलण्याच्या ओघात."

"तू मला हो म्हणाला होतास."

"मी अर्ज कर म्हटलं होतं."

"वर्षभर मी पहाटे उठून भाषा शिकतेय. तुझ्यासमोर बाबांच्या गोळ्यांचं बोलणं केलं. तेव्हा का नाही म्हणालास?"

"मला काय माहीत तुझा नंबर खरंच लागेल," दादा म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच ते वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं. आपण काय बोललो हे त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे तसं नाही. दुकान, मुलं, तुझी वहिनी दिवसभर कामावर. बाबांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, मला हे जमत नाही गं. तुला जमतं."

"मला आईच्या पोटातून शिकवून पाठवलं होतं का?"

दादाने फडकं पुन्हा उचललं. ती तिथून निघाली ती रस्त्यात कोणाकडेही न बघता घरी आली.

वडिलांना काही सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण भांडी आपटण्याच्या आवाजावरून त्यांना कळलं. ते काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"का... नाही?" त्यांनी विचारलं.

ती आधी म्हणाली, नाही झाली निवड, जागा कमी होत्या. ते हलले नाहीत. मग तिने सगळं सांगितलं. मॅडमचे प्रश्न, लंबूची आई, दादा. सांगताना तिला वाटलं, आता ते डोक्यावर हात ठेवतील, जाऊ दे म्हणतील.

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी... कारण?"

"बाबा, तुम्ही नाही. ते लोक..."

"थांब." डाव्या हातातली काठी त्यांनी फरशीवर आपटली. "तू... त्याला विचारलंस. त्या बाईंना... विचारलंस. मला?" ते शब्दासाठी थांबले. तो येईना म्हणून आणखी चिडले. "मला... विचारलं? मी... सामान?"

भिंगरीच्या हातातली थाळी तशीच राहिली. खरंच, व्यायामाच्या बाई, गोळ्यांचा डबा, दादाचं घर, सगळं तिने ठरवलं होतं. बाबा तुम्हाला कुठे राहायचंय, हे विचारायचं राहून गेलं होतं. गेल्या दोन वर्षांत ती त्यांच्या वतीने इतकं बोलली होती की त्यांना वेगळं काही म्हणायचं असेल हेच विसरली होती.

"चुकलं," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. राग ओसरला नव्हता. "पिशवी... काढ. माझी."

त्यांनी कपडे स्वतः भरले, डाव्या हाताने, घड्या न घालता कोंबून. ती मदतीला गेली तर त्यांनी कोपराने ढकललं. रिक्षा करून दोघं दादाच्या घरी गेली.

वहिनीने दार उघडलं. ती नुकतीच कामावरून आली होती, खांद्यावर पर्स तशीच होती. वडील आत जाऊन सोफ्यावर बसले आणि पिशवी शेजारी ठेवली.

दादा आतून आला. "बाबा? काय झालं?"

"सहा महिने," वडील म्हणाले. "आजपासून."

"अहो, असं अचानक कसं? ती अजून कुठे चाललीय?"

"तोवर... शिक. तू."

"बाबा, मी काय म्हणतो..."

"तू... बोललास. ऑफिसात. पुष्कळ." वडिलांनी श्वास घेतला. "आता... मी बोलतो. पाय... धुवायचेत. पाणी आण."

दादाने बहिणीकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी म्हटलं होतं, नाही म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हणा. बादली मोरीत आहे."

दादाने पाणी आणलं. त्याला बाबांच्या उजव्या पायाला आधारासाठी बांधलेला पट्टा सोडवता येईना. तो भलत्याच बाजूने ओढत राहिला आणि वडील त्याला लिफ्टच्या कामावरच्या मदतनिसाला ओरडावं तसे तुटक तुटक ओरडत राहिले. भिंगरीला पुढे होऊन तो पट्टा सोडवायची फार इच्छा झाली. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, प्रकरण वाढवू नकोस, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, मला पुढचं वर्ष नाही. मग तिने प्राचार्यांना लिहून दिलं. लंबू बरोबर आला. त्याने आपल्या मुलाखतीत काय विचारलं आणि काय विचारलं नाही, हे आपल्या सहीने लिहून दिलं. "माझी जागा गेली तर गेली," तो बाहेर म्हणाला, पण त्याला जावंसं किती वाटतंय हे भिंगरीला माहीत होतं.

प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. परदेशवाल्या मॅडमना फार लागलं होतं. "मी तुझ्या भल्यासाठी विचारलं," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं, मला माहीत नाही हे? तुझ्या वयाची असताना माझीही निवड झाली होती. माझी आई आजारी पडली आणि मी गेले नाही. घरच्यांचं कसं होईल म्हणून. ते दुःख काय असतं हे मला ठाऊक आहे."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्यांची दया आली आणि त्या दयेने राग कमी झाला नाही, उलट वाढला.

"मग मॅडम, तुम्ही तरी तो प्रश्न विचारायला नको होता," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

प्राचार्यांना हे सगळं लवकर मिटायला हवं होतं. त्यांनी पुन्हा मुलाखत ठेवली, बाहेरच्या एका संस्थेतल्या सरांना बसवलं आणि घरचं काही विचारायचं नाही असं बजावलं. त्या सरांनी छोटा हात सुटा करून पाहिला. आतला थर घामाने खराब होईल, असं म्हणून त्यांनी तिला चांगलं झोडपलं. भिंगरी त्यांच्याशी वाद घालत राहिली. महिन्याभरात पहिल्यांदा तिला रागाचाही विसर पडला. दुसरी जागा तिला मिळाली. लंबूची त्याच्याकडेच राहिली.

परदेशवाल्या मॅडमनी तिची सगळी कागदपत्रं वेळेत आणि बिनचूक करून दिली. दोघी कामापुरतं बोलल्या.

निघायच्या दिवशी वडील विमानतळावर आले, दादा त्यांना घेऊन आला होता. एवढ्या दिवसांत दादा बारीक झाला होता. वडील त्याच्यावर सारखे खेकसत होते आणि त्यांची वाक्यं आता तीन-चार शब्दांची होत होती. भांडायला कोणीतरी मिळाल्यामुळे असेल. त्यांनी लेकीच्या गालावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "नीट शीक. मला... फोन कर. त्याला नको."

दादा ट्रॉली ढकलत आत जायच्या दारापर्यंत आला. "अजून रागावलीयस?"

"हो."

"किती दिवस राहणार?"

"माहीत नाही, दादा. तू चांगलं करतोयस बाबांचं, ते दिसतंय मला. पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

त्याने मान हलवली. ट्रॉलीवरची बॅग उगाच सरळ केली. "पोचलीस की कळव."

"बाबांना कळवीन," ती म्हणाली. पुढे लंबू हात हलवून बोलावत होता, रांग सरकायला लागली होती. तिने ट्रॉलीची मूठ आपल्या हातात घेतली आणि ती आत गेली.