जगनच्या वाटची फुंकर

सासूचा फोन आला तेव्हा दर्शनाच्या चिमटीत लाल खडा होता, गणपतीच्या मुकुटात बसवायचा. पेणच्या त्या कारखान्यात बारा महिने गणपतीच घडतात, आणि दर्शना रोज रोह्याहून येऊन त्यांना खडे लावते. फोन कानाशी धरला तर सासूला बोलायलाच दम पुरेना.

"दर्शने, जगन पिऊन गेला गो शिफ्टला. गाडीची चावी पदरात बांधली होती मी, तर पदरच ओढला माझा!"

"रवी हाय ना बरोबर?"

"रवी कुठला? तो नागोठण्याला गेलाय, मेव्हण्याच्या हळदीला."

खडा चिमटीतून निसटला, मांडीवरून घरंगळत कुठे गेला कळलंही नाही.

तिचा नवरा जगन रोह्याजवळच्या धाटावला, रसायनांच्या एका कंपनीत ऑपरेटर. रिअ‍ॅक्टरचा दाब बघायचा, चढू लागला की व्हॉल्व्ह सोडायचा. काम एवढंच, पण नजर हलवायची नाही. सुरुवात वासानं झाली होती. कंपनीतल्या पावडरीचा वास घशातून उतरायचाच नाही. भाताला तोच, उशीला तोच. एक घोट घेतला की जातो, म्हणाला. वास गेला, घोट राहिला. आधी शिफ्ट सुटल्यावर, मग शिफ्टच्या आधी. आत तो पेंगायचा तेव्हा शिफ्टचा जोडीदार रवी दोघांच्या वाटचं बघायचा. रवीच्या बायकोनं हे हसतहसत सांगितलं होतं, आणि दर्शनाला हसू आलं नव्हतं.

गेटवर मशीन आहे, नळीत फुंकलं की प्यायलेला माणूस सापडतो. एकदा जगन सापडला होता. पुन्हा सापडलास तर कायमचा घरी, असं साहेबानं सुनावलं होतं. त्यानंतर तो सापडला नाही. कसा नाही सापडला, हा प्रश्न दर्शनाच्या दारात कितीदा येऊन उभा राहिला. तिनं त्याला आत घेतलं नाही. घर चालत होतं.

"काय गो, उंदरालाच मुकुट घालतेस की काय?" कारखान्याच्या मालकीण नूतनताई म्हणाल्या. दर्शनानं खाली बघितलं. मुकुटाचा खडा खरंच उंदराच्या कपाळावर चिकटला होता. बाया खिदळल्या. ती उठली, अंगणात गेली, आत आली, परत अंगणात गेली. उन्हात ओळीनं वाळत ठेवलेले बिनरंगाचे गणपती, त्यांच्यामधून ती येरझाऱ्या घालू लागली. आई जात्यावर म्हणायची ते मनात घुमू लागलं, नको असताना:

खाडीच्या गो पाण्याला, ओढ लागे भरतीची
माझ्या गो जिवाला, बाई, चिंता लागे परतीची

आज रवी नाही. आज दाब चढला तर?

गेटवर सिक्युरिटीला मारुती होता, तिचा मावसभाऊ. तिनं फोन लावला.

"मारुतीदादा, जगन आला?"

"नाय अजून. शिफ्ट सुरू व्हायला वेळ हाय."

"पिऊन येतोय. आत सोडू नको."

पलीकडून मारुती हसला. "तू नको घोर करू गो. मी हाय ना! गणपती गेले तेव्हापासून त्याच्या वाटची फुंकर मीच मारतोय मशीनमध्ये. कुणाला पत्ता नाय."

दर्शना वाळत्या मूर्तींच्या फळीला टेकली. प्रश्न शेवटी दारातून आत आलाच.

"तू?"

"मग काय! भावोजींची नोकरी गेली तर तू काय खाशील, मावशीला काय तोंड दाखवू मी? तुझ्यासाठीच करतो ना."

"दादा, आज रवी नाय आत."

ती फळी सोडून सरळ उभी राहिली.

"आत किती माणसं असतात रे?"

"असतात की," तो हळू म्हणाला. मग एकदम चिडला. "अगो पण नोकरी जाईल! दुसरी खेप हाय त्याची! पोर शाळेत, घराचं छप्पर काढून ठेवलंय, कळतंय का तुला?"

"कळतंय. तुझी फुंकर नको. त्याचीच घे."

"दर्शने..."

"घे म्हणते ना!"

तेवढ्यात फोनमधून मोटारसायकलचा आवाज आला. मारुतीनं फोन बंद केला नाही. विसरला, की तिला ऐकवायचं होतं, कुणास ठाऊक.

"काय मेव्हणे, आज तोंड का उतरलंय? घरची भाकरी करपली काय?" जगन. गोड, सैल आवाज. लग्नात याच आवाजावर ती भाळली होती.

"भावोजी, फुंका."

"मी? तुम्ही आजारी हाय काय?"

"फुंका म्हणतोय."

मग नळीत फुंकल्याचा आवाज आला. आणि ते मशीन वाजलं, लांबलचक.

पुढचं तिला नीट ऐकू आलं नाही. कुणी साहेब आला असावा. "कार्ड काढ," एवढं कळलं. मग जगनची शिवी, मग फोन बंद.

नूतनताईंना न सांगताच ती एसटीत बसली. वडखळच्या कोंडीत गाडी अडकली तेव्हा जगनचा फोन आला.

"मारुतीनं दगा दिला गो. तुझ्या माणसानं!"

"मारुतीनं नाय. मी सांगितलं त्याला."



"तू माझी नोकरी खाल्लीस," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "तिथंच बस. येते मी."

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. जगन गेटसमोरच्या पानटपरीच्या फळकुटावर बसला होता. चावी मारुतीनं काढून घेतली होती. मारुती गेटमधून इकडे बघत नव्हता. आतून चिमणीचा धूर सरळ वर जात होता. जगनची नजर त्या धुरावरून हलत नव्हती.

"उद्या मी काय करू?" त्यानं विचारलं. राग उतरला होता, खाली नुसती भीती उरली होती.

तिनं मनातल्या मनात मांडून बघितलं. पेणला जास्तीचं काम मागता येईल, सरकारी दवाखान्यात कुणी दारू सोडवतं का ते विचारता येईल, छप्पर आहे तसंच राहील.

"चल," ती म्हणाली.

"हात दे."

"नाय. आपल्या पायानं चल."

ती पुढे निघाली. रस्त्यावर बस आणि दुचाक्यांची गर्दी होती, तरी तिचे कान मागेच होते. कंपनीच्या जड बुटांचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की तिचे पायही अडखळायचे, पण ती वळली नाही. मग पुन्हा यायचा, फरफटत. कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत ती तशीच चालत राहिली, प्रत्येक पावलाला कान लावून.