कुरकुंभची बस आणि गुलशनचा दावा

मी एक जुनी बस आहे. सध्या शिरूरच्या एका कॉलेजात मुलांची ने-आण करते. काल माझ्या मागच्या बाकावर दोघे जण परीक्षेसाठी ‘संस्थेतील बदल’ आणि ‘न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ पाठ करत होते. मित्रांनो, हे दोन्ही धडे मी एकाच बाईच्या आयुष्यात पाहिले. तिचे नाव गुलशन.

नवी कोरी असताना मला कुरकुंभच्या एका औषध कंपनीने घेतले. इलाहीमामा माझे ड्रायव्हर. वडगाव रासाईहून निघायचे, राहूच्या बायका घ्यायच्या आणि सगळ्यांना पॅकिंगच्या कामावर पोचवायचे, हा माझा नेम. मामा मला रोज धूत. दसऱ्याला बायका मला झेंडूचा हार घालत. मला वाटे, माझ्यावाचून कंपनी चालणारच नाही.

पुढे कंपनी मुंबईच्या मालकांनी विकत घेतली आणि सुमित साहेब मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. आठ तासांच्या पाळ्या मोडून त्यांनी बारा तासांच्या केल्या. कोणाला विचारले नाही, फळ्यावर सूचना लावली. बायका माझ्यात बसून कुरकुरत, गेटवर मात्र गप्प. वडगाव रासाईची गुलशन तेवढी साहेबांसमोर गेली.

“साहेब, बदलाला आमची ना न्हाई,” ती म्हणाली. “पण आदी इचारायचं तरी. पोरं शाळंतनं आल्यावर घरी कोण असनार?”

साहेबांना तो अडथळा वाटला. थोड्याच दिवसांत तिला कामावरून काढले. खिडकीजवळची तिची जागा कितीतरी दिवस कोणी घेतली नाही.

दाद कुठे मागायची, हे गुलशनला कळेना. घर शिरूर तालुक्यात, कंपनी दौंड तालुक्यात, आणि नेमणुकीच्या करारात तर वाद मुंबईच्याच कोर्टात चालेल असे छापलेले. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने दौंडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. बरेच महिने गेले आणि कोर्टाने सांगितले, हा विषय आमच्या अधिकारातला नाही. राहूच्या तुळजाबाईंना वाटले, पोरगी हरली. गावचे वकील पोपटराव एकदा पाटसपर्यंत माझ्यातून आले, तेव्हा तुळजाबाईंनी त्यांना विचारलेच.

“हरली न्हाई ती,” पोपटराव म्हणाले. “खरं कुणाचं, हे कोर्टानं अजून बघितलंच न्हाई. काम कुरकुंभला व्हतं, म्हणून वाद पुणे जिल्ह्यातला. करारात मुंबई लिहिली म्हणून कामगाराला तिकडं नेता येत न्हाई. आन् वाद नोकरीचा, म्हणून दिवाणी कोर्ट न्हाई, पुण्याचं कामगार न्यायालय.”

गुलशन पुण्याला गेली. इकडे हात बसलेल्या जुन्या बायका बारा तासांना कंटाळून एकेक करून काम सोडू लागल्या. नवख्यांकडून लेबलांची अदलाबदल झाली आणि सगळा माल परत आला. मग एका सकाळी सुमित साहेब स्वतः वडगाव रासाईला येऊन माझ्यात बसले.  कोण किती चालत थांब्यावर येते, घरी मुलांना कोण सांभाळते, हे वाटेत विचारत राहिले. 

त्यानंतर त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावले. पाळ्या पुन्हा आठ तासांच्या झाल्या. न्यायालयात कंपनीनेच समेटाचा प्रस्ताव मांडला आणि गुलशन कामावर परतली. बायकांना आणखी काय अडचण आहे, हेही साहेबांनी विचारले. गुलशनने सरळ सांगितले, की बस मोठी, ती वस्तीपर्यंत येत नाही, लहान गाड्या द्या. सगळ्यांनी मान डोलावली.

मित्रांनो, म्हणजे निघायची वेळ माझी आली.

शेवटच्या दिवशी मामांनी मला धुतले. गुलशन जवळ येऊन उभी राहिली. “मामा, माझ्यामुळं झालं हे. वाईट वाटतंय?”

“वाटतंय की,” मामा म्हणाले. “पण साहेबांनी मलाबी इचारलं व्हतं. मीच व्हय म्हनलो.”

मला अर्थातच कोणी विचारले नाही. बसला कोण विचारणार? पण मामांच्या हातांत राग नव्हता, म्हणून मलाही तो आला नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही साहेब व्हाल, बदल करालच. जरूर करा. फक्त त्या बदलाने ज्यांचा दिवस बदलणार आहे, त्यांच्या शेजारी एकदा बसून या.